एनआयसीयूतल्या बाळासाठी रक्त: आईचा नमुना, चिठ्ठी आणि बाकीचे कागद

एनआयसीयूत, म्हणजे नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात, बाळाला रक्त लागणार म्हटलं की घरचे आधी दाते शोधायला धावतात. मी जे पाहत आलो त्यात काम दात्यावाचून क्वचितच अडतं. ते अडतं आईच्या दोन-तीन मिली रक्तावाचून.

भंडारा, गोंदिया, गडचिरोली, बालाघाट, छिंदवाड्याकडची बाळं नागपुरातल्या मेडिकल, मेयो या सरकारी रुग्णालयांत किंवा खासगी एनआयसीयूत येतात. बाळ अँब्युलन्समध्ये, सोबत बाप नाहीतर मामा. आई सिझेरियनचे टाके घेऊन तिकडेच. इथे रक्तपेढी पहिला प्रश्न विचारते, ‘आईचं सॅम्पल कुठे आहे?’

हा प्रश्न अडवणुकीचा नाही. नवजात बाळाच्या अंगात स्वतःच्या अँटिबॉडी, म्हणजे परक्या पेशींशी लढणारी रक्तातली प्रथिनं, जवळजवळ नसतात, असतात त्या नाळेतून आलेल्या आईच्या. दात्याचं रक्त बाळाला चालेल की नाही, हे आईच्या रक्ताशी ताडून नीट कळतं. या ताडण्यालाच क्रॉसमॅच म्हणतात. आईचा नमुना नसेल तर बाळाच्याच रक्तावर तपासणी करावी लागते. एक किलोच्या बाळाच्या अख्ख्या अंगात ८० ते १०० मिली रक्त असतं. त्यातून तपासणीसाठी जादा दोन मिली काढणं म्हणजे काय, ते तुम्हीच बघा.

म्हणून बाळ रेफर होत असेल तर अँब्युलन्स सुटायच्या आधी सिस्टरला सांगा: ‘आईचं क्रॉसमॅचसाठी सॅम्पल द्या, एक जांभळ्या टोपणाची नळी, एक साधी.’ रेफरच्या चिठ्ठीत यासाठी एक ओळ छापायला काय हरकत आहे, मला आजवर कळलेलं नाही.

नमुना आणला तरी लेबलमुळे परत जातो. एका रात्री गोंदियाकडचा एक बाप काउंटरवर उभा होता. रुमालात गुंडाळलेली नळी, तिच्यावर पेनने नुसतं ‘बेबी’ लिहिलेलं. नळी घेतली नाही. त्याला पहाटे परत जावं लागलं. मला फार राग आला होता, पण नियम बरोबर आहे: नळ्यांची अदलाबदल झाली तर चुकीच्या गटाचं रक्त जीव घेऊ शकतं. नळीवर आईचं पूर्ण नाव, नोंदणी क्रमांक, तारीख, वेळ आणि काढणाऱ्याची सही हवी, आणि ती खाटेपाशीच लिहिलेली हवी. मागणीच्या चिठ्ठीतलं नाव अक्षरशः तेच हवं. एकीकडे माहेरचं आडनाव, दुसरीकडे सासरचं, असं फार होतं. जुळी असतील तर ‘बाळ १’, ‘बाळ २’ दोन्हीकडे सारखं लिहून घ्या.

आता दिवसांचा घोळ. क्रॉसमॅचचा नमुना साधारण तीन दिवस चालतो, आणि ते मोजायचे नमुना काढल्यापासून, तुम्ही नागपुरात पोचल्यापासून नाही. ‘पाच दिवसांच्या आतलं रक्त’ ही अट मुख्यतः कावीळ फार वाढल्यावर बाळाचं रक्त बदलतात तेव्हाची. तिथे दिवस दात्याने रक्त दिलं त्या तारखेपासून धरतात. ‘आजचंच ताजं हवं’ म्हणून दाता घेऊन बसू नका. एचआयव्ही, कावीळ बी, कावीळ सी, सिफिलिस हा गुप्तरोग आणि मलेरिया या पाच तपासण्या झाल्याशिवाय पिशवी बाहेर पडूच शकत नाही, आणि त्याला वेळ लागतो. २०२२ मध्ये नागपुरातल्या थॅलेसेमियाच्या मुलांना एचआयव्ही झाल्याच्या बातम्या आल्या होत्या. तपासणीची घाई करू नका.

बाळ बी पॉझिटिव्ह आणि पिशवी ओ, हे पाहून घाबरणारे पुष्कळ. आई आणि बाळ दोघांनाही चालेल असा गट निवडावा लागतो, म्हणून बऱ्याचदा ओ येतो. शंका असेल तर डॉक्टरांना जरूर विचारा, पण पिशवी परत करायला धावू नका.

बापाने ‘माझंच द्या’ म्हणू नये. आईच्या अंगात बापाच्या पेशींविरुद्ध अँटिबॉडी असू शकतात आणि त्या बाळातही उतरलेल्या असू शकतात. शिवाय जवळच्या नात्यातलं रक्त इरॅडिएट न करता, म्हणजे त्यावर किरणांची प्रक्रिया न करता, दिलं तर दात्याच्या पेशी बाळाच्याच शरीरावर उलटू शकतात. रक्त द्यायचंच असेल तर पेढीच्या साठ्यासाठी द्या.

पैशांचं: शासकीय रुग्णालयात आजारी बाळाला रक्त जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली मोफत आहे, बाळ वर्षाचं होईपर्यंत. माता-बाल संरक्षण कार्ड, रेफर चिठ्ठी आणि आईबापाचं आधार जवळ ठेवा. खासगी पेढीत रक्ताची किंमत नसते, प्रक्रियेचं शुल्क असतं. २०२२ च्या राष्ट्रीय दरपत्रकात लाल पेशींच्या पिशवीला १५५० रुपये. जादा तपासण्या आणि इरॅडिएशन वेगळं. पावती घ्याच. ‘बदली दाता आणा तरच पिशवी’ ही सक्ती राष्ट्रीय धोरणात बसत नाही, तसं शांतपणे सांगा.

संमतीपत्रावर आईबापांपैकी एकाची सही लागते. आजी, मामा सहसा चालत नाहीत, म्हणून बापाने रक्त शोधायला गावभर फिरू नये, एनआयसीयूच्या दाराशी राहावं.

पिशवी मागताना एवढं विचारा: ‘एकाच दात्याच्या छोट्या पिशव्या राखून ठेवता येतील का?’ अपुऱ्या दिवसांच्या बाळाला एका वेळी किलोमागे १०-१५ मिलीच देतात, पण पुन्हा पुन्हा लागतं. एकाच दात्यावर भागलं तर बाळाचा तितक्या अनोळखी रक्तांशी संबंध येत नाही. पिशवी हाती आली की थंड डब्यातूनच न्या, वाटेत कुठे थांबू नका, वॉर्डातल्या फ्रिजमध्ये ठेवू देऊ नका. अर्ध्या तासात सुरू होणार नसेल तर पेढीला लगेच कळवा, म्हणजे ती परत घेता येते.