खानदेशच्या उन्हात फुलणारे कंद

ऑनलाइन नर्सरीच्या पानावर ट्युलिपचे कंद दिसतात आणि जळगाव-धुळ्याकडचे हौशी बागवाले ते मागवतातही. इथे ते फुलत नाहीत. त्यात ना मातीचा दोष, ना मेहनतीचा. ट्युलिपची कळी कंदातच तयार असते, पण तिचा दांडा वर यायला कंदाला आधी 12 ते 16 आठवडे 2 ते 9 अंश सेल्सिअसची थंडी लागते. श्रीनगरला ती आपसूक मिळते. आपल्याकडे पौषातल्या रात्री पारा दहाच्या खाली गेला, तरी दुपारी पुन्हा 28-30 अंशांवर येतो. शीतगृहातून आलेला कंद एकदा फूल देईल. दुसऱ्या वर्षी नुसती पानं, तीही खुजी.

कंद म्हणजे झाडाने वाईट दिवसांसाठी जमिनीत केलेली साठवण. कुणाचे वाईट दिवस बर्फाचे, कुणाचे कोरड्याचे. खानदेशात कोरडे महिने भरपूर, म्हणून कोरडी विश्रांती मागणारे कंदच इथे निवडावेत.

पहिला मान निशिगंधाचा. हा मूळचा मेक्सिकोचा, ऊन मानवणारा. आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) सुमारास लावला तर साडेतीन महिन्यांत, म्हणजे श्रावण-भाद्रपदात, दांडे येऊ लागतात. कंद दीड ते अडीच सेंटिमीटर जाडीचा घ्यावा; त्याहून बारीक कंद पहिलं वर्ष पानांतच घालवतो. 5 ते 7 सेंटिमीटर खोल, दोन कंदांत 20 ते 25 सेंटिमीटर अंतर. हारासाठी आणि वासासाठी एकेरी पाकळीचे वाण बरे: राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाची ‘फुले रजनी’, बंगळुरूच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेचे ‘प्रज्वल’ आणि ‘शृंगार’. दुहेरी ‘सुवासिनी’ फुलदाणीत छान दिसते, पण वास मंद. एकदा फुललेला कंद पुन्हा फुलत नाही. पुढची फुलं त्याच्या बाजूची पिल्लं देतात. त्यामुळे दोन-तीन वर्षांनी गड्डा उपटून पिल्लं वेगळी करावीच लागतात.

निशिगंध बिघडतो तो बहुधा दोन कारणांनी. एक म्हणजे आपली काळी माती. ती पाणी धरून फुगते, पावसाळ्यात कंदाभोवतीची हवा कोंडते आणि बुडखा सडतो. उन्हाळ्यात तीच माती भेगाळते आणि मुळं तोडते. म्हणून काळ्या मातीच्या सपाट वाफ्यात कंद लावूच नयेत. एक भाग काळी माती, एक भाग जाड वाळू, एक भाग चांगलं कुजलेलं शेणखत, असं मिसळून 20 ते 30 सेंटिमीटर उंचीचा गादीवाफा करावा.

दुसरं कारण डोळ्यांना दिसत नाही. ते म्हणजे मुळांवर गाठी करणारे सूत्रकृमी. केळी आणि वांगी ही दोन्ही त्यांची आवडती पिकं, आणि खानदेशात मळ्यातली माती आणायची म्हटलं की ती बहुतेक याच पिकांखालची असते. अशी माती कुंडीत भरली की वर्षभरात निशिगंध खुरटतो, पानं पिवळी पडतात. उपटून पाहिलं तर मुळांवर मण्यांसारख्या गाठी. केळीची वाळलेली पानं आच्छादनाला बिनधास्त वापरा, माती मात्र नको. जुन्या वाफ्यात आधी एक हंगाम झेंडू घ्यावा आणि निशिगंध लावताना निंबोळी पेंड मिसळावी.

ग्लॅडिओलस हिवाळ्याचा. दसरा ते दिवाळीत लावला तर दोन-अडीच महिन्यांत फुलतो. त्याचा गड्डा ताजा खणलेला असेल तर तो झोपलेला असतो. तीन-एक महिने शीतगृहात राहिल्याशिवाय नीट फुटत नाही. मागवताना हेच विचारायचं. 4 ते 5 सेंटिमीटर व्यासाचा, मध्ये फुगीर गड्डा घ्यावा. रुंद पण चपटा गड्डा म्हातारा असतो. फुलाचा दांडा कापताना खाली निदान चार पानं ठेवावीत, कारण पुढच्या वर्षीचा गड्डा तीच भरतात.

अ‍ॅमरिलिस नावाने विकली जाणारी लाल-केशरी लिली उभी चिरून पाहिली तर कांद्यासारखे पापुद्रे दिसतात आणि त्यांच्या मधोमध, पातळ पांढुरक्या आवरणात, पुढच्या मोसमाची कळी. दर चार पानांमागे एक कळी घडते. फूल गळाल्यावर पानं कापून कुंडी ‘स्वच्छ’ करणाऱ्यांना पुढच्या चैत्रात फूल का मिळत नाही, त्याचं उत्तर इथे आहे. हा कंद अर्धा मातीबाहेर ठेवून लावतात. फुटबॉल लिलीला हिवाळाभर जवळजवळ पाणी नको. उन्हाळ्याच्या शेवटी तिच्या फुलांचा लाल गोळा आपोआप वर येतो. तिला उगाच उपटू नये, रुसते.

मागणीचं वेळापत्रक साधं: अ‍ॅमरिलिस आणि फुटबॉल लिली माघात, निशिगंध एप्रिलच्या पहिल्या पंधरवड्यात, ग्लॅडिओलस सप्टेंबरात. मे महिन्यात पार्सल मागवू नये. 43-44 अंशांत गोदामात पडलेल्या प्लॅस्टिकच्या पिशवीत कंदांना घाम सुटतो आणि ते शिजल्यासारखे होतात. पार्सल येताच पिशवी फोडून कंद दोन-तीन दिवस सावलीत पसरावेत. बुडखा अंगठ्याने दाबून पाहा. बोट आत गेलं, आंबूस वास आला, तर तो कंद फेका. वरच्या सालीवरची थोडी निळसर बुरशी पुसली की जाते, तिची काळजी नको. लावण्याआधी कार्बेन्डाझिम हे बुरशीनाशक लिटरला 2 ग्रॅम घेऊन त्यात 20 मिनिटं बुडवावेत, हातमोजे घालूनच. ट्रायकोडर्मा ही उपयोगी बुरशी वापरायची असेल तर कार्बेन्डाझिम नको, ते तिलाही मारतं.

आणि कंद घरात ठेवताना कांद्याच्या टोपलीपासून लांब, नाव लिहिलेल्या कागदी पिशवीत ठेवा. अ‍ॅमरिलिस आणि स्पायडर लिलीत लायकोरिन हे विष असतं, खाल्ल्यास उलट्या होतात. सोललेला कंद घाईच्या स्वयंपाकात कांदा म्हणून सहज खपून जाईल.