नाव ‘माइक’, उच्चार भारतीय: म्हणजे फसवणूकच?

‘अमेरिकी ग्राहकाशी बोलणारा “माइक” भारतीय उच्चारात बोलला, की तो भामटाच,’ हा समज फार जुना आहे.

२००० च्या सुमारास पुणे, गुडगाव, बंगळुरूच्या अनेक कॉल सेंटरांत कामापुरतं परदेशी नाव दिलं जाई. मकरंदचा माइक व्हायचा आणि न्यूयॉर्कची सकाळ गाठायला संध्याकाळी हेडफोन चढवायचा. नाव ग्राहकाला चटकन कळावं हा हेतू. पण आपण कुठून बोलतो हे लपवायलाही ते वापरलं गेलं. ते मला पटत नाही, संशय त्यामुळेच वाढला.

तरी नावावरून, उच्चारावरून काहीच ठरत नाही. भामटाही अस्खलित अमेरिकी इंग्रजी बोलू शकतो. आधी पाहा, फोन कोणी केला? समोरून आला असेल तर ठेवा, बँकेच्या कार्डामागे छापलेल्या नंबरावर स्वतः लावा आणि आपल्या खात्यावर त्या फोनवर सांगितली तशी काही नोंद आहे का, ते विचारा.