‘कडी काढ’ हे अशुद्ध नाही

आमच्या फोंड्याकडे मुलांना कित्येक वर्षं सांगत आलेत, की ‘कडी काढ’, ‘बटण काढ’ ही कोकणीची छाया. शुद्ध मराठी ‘उघड’. हे साफ चूक आहे. पुण्या-साताऱ्यातही दाराची कडी काढतातच. घातलेलं, अडकवलेलं ते काढायचं. बांधलेलं ते सोडायचं: नाडी, गाठ, गायीचं दावं. उघडतं ते दार, पेटी. (बटणाला ‘सोड’ही चालतं.)

‘काढ’ म्हणजे उपटणं, ही भीतीही नको. शिंप्याला ‘बटण काढ’ म्हटलं, तर तो दोरा कापतो. तेच आई न्हाणीच्या दाराशी मुलाला म्हणाली, तर बटण फक्त काजातून निघतं. कोकणीत ‘काडप’ आहेच. शब्द दोघी बहिणींचा आहे, उसना नव्हे.