पुरवठा साखळीची तग आणि तिचे मोजमाप

एखादा पुरवठादार, कारखाना किंवा बंदर बंद पडल्यावर त्यावर विसंबलेले उत्पादन किती दिवस चालू राहील आणि घडी पुन्हा बसायला किती दिवस लागतील, हे आकड्यांत मांडण्याची रीत. इंग्रजीतल्या ‘रेझिलियन्स’साठी मराठीत ‘लवचिकता’ हा शब्द रूढ होत आहे. पण लवचिक वस्तू वाकते आणि परत सरळ होते. इथे प्रश्न तग धरण्याचा आहे. कोकणात पावसाळ्याआधी होणारी आगोटीची बेगमी किंवा गोव्यातले पुरुमेंताचे फेस्त यांमागे हाच हिशेब असतो : सुकी मासळी, मीठ, मिरच्या, कोकम चार महिने पुरले पाहिजे. फरक एवढाच की पावसाळा कधी संपणार हे त्या घराला साधारण ठाऊक असते.

जुने माप ‘किती दिवसांचा साठा’ एवढेच होते. सरकारी धोरणात ते आजही चालते. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्था सदस्य देशांना ९० दिवसांच्या निव्वळ आयातीइतका तेलसाठा राखायला लावते. भारताच्या विशाखापट्टणम, मंगळुरू आणि पादूर येथील भूमिगत साठ्यांची मिळून क्षमता ५३.३ लाख टन, म्हणजे सुमारे साडेनऊ दिवसांच्या गरजेएवढी आहे. तेल कंपन्यांकडचा साठा वेगळा. असा आकडा सांगायला सोपा असतो, पण टाकी खरोखर भरलेली आहे का आणि साठा संपल्यावर काय, याविषयी तो गप्प असतो.

दोन काळांची तुलना करणारे माप मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतील डेव्हिड सिमची-लेव्ही आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी फोर्ड कंपनीसोबत काम करताना पुढे आणले. ‘टाइम टू रिकव्हर’ म्हणजे बंद पडलेला दुवा पूर्ववत व्हायला लागणारा सावरण्याचा काळ, तर ‘टाइम टू सर्व्हाइव्ह’ म्हणजे त्या दुव्याविना मागणी पुरी करता येईल तो तग धरण्याचा काळ. पहिला दुसऱ्यापेक्षा जितके दिवस मोठा निघेल तितके दिवस उत्पादनाची लाइन अडणार.

समजा, चाकणच्या एका कारखान्याला रोज १,००० रबरी बुश (सांध्यात बसणारे छोटे भाग) लागतात. वाटेतला माल धरून साठा १२,००० आहे, म्हणजे वरवर पाहता १२ दिवस. दुसरा व्हेंडर रोज ४०० देऊ शकत असेल, तर साठ्यातून रोज ६००च जातील आणि तग २० दिवसांवर जाईल. पहिल्या व्हेंडरचा साचा जळाला असून नवा साचा टूलरूममधून (साचे बनवणाऱ्या कारखान्यातून) यायला ३५ दिवस लागणार असतील, तर १५ दिवसांची खिंड उरते आणि ९,००० नगांचा तुटवडा पडतो. खऱ्या साखळीत हेच गणित हजारो दुव्यांसाठी, एकेक दुवा नकाशातून पुसून, संगणकावर करावे लागते.

फोर्डच्या पहिल्या फळीतल्याच, म्हणजे थेट माल देणाऱ्या, सुमारे १,४०० पुरवठादारांचे ४,४०० कारखाने या नकाशावर होते. सुमारे ६१ टक्के ठिकाणे बंद पडली तरी नफ्याला धक्का बसत नव्हता. सुमारे २ टक्के ठिकाणी मात्र फटका फार मोठा होता. त्यांतले कित्येक दुवे किरकोळ, स्वस्त भागांचे होते. खरेदी विभागाचे लक्ष स्वाभाविकपणे मोठ्या बिलांकडे असते. ज्याचे बिल कुणी वाचतही नाही, तो भाग लाइन थांबवतो.

या मापाची मेख अशी की सावरण्याचा काळ पुरवठादाराला विचारूनच भरावा लागतो, आणि धंदा जाईल या भीतीने कुणीही तो कमीच सांगतो. तग धरण्याचा काळ मात्र कंपनी बव्हंशी स्वतःच्या नोंदींवरून काढू शकते. म्हणून आधी तग काढायची आणि ती जिथे तोकडी दिसेल तिथेच पुरवठादाराची उलटतपासणी करायची, हा शहाणपणाचा क्रम.

शिवाय कारखाना सावरणे आणि पुरवठा सावरणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. १ फेब्रुवारी १९९७ रोजी पहाटे जपानमधील कारिया येथे आयसिन कंपनीचा कारखाना जळाला. टोयोटाच्या ब्रेकमध्ये लागणारी ‘पी-व्हॉल्व्ह’ ही छोटीशी झडप जवळजवळ सगळी तिथेच बनत असे आणि लागेल तेव्हाच माल आणण्याच्या ‘जस्ट इन टाइम’ पद्धतीमुळे साठा नगण्य होता. टोयोटाचे बहुतेक कारखाने थांबले. पण आराखडे वाटले गेले, शिलाई मशीन बनवणाऱ्या ब्रदरसारख्या कंपन्यांनीही झडपा बनवायला घेतल्या आणि आठवड्याभरात गाड्या पुन्हा बाहेर पडू लागल्या. जळालेला कारखाना तेवढ्यात उभा राहिलेला नव्हता. ही शेजारधर्माची ताकद कोणत्या रकान्यात भरायची, याला पद्धतशीर उत्तर अजून नाही.

भूकंप अभियांत्रिकीतून आलेले आणखी एक माप म्हणजे २००३मध्ये मिशेल ब्रुनो आणि सहकाऱ्यांनी मांडलेला ‘रेझिलियन्स त्रिकोण’. आडव्या अक्षावर काळ आणि उभ्या अक्षावर कामगिरी घेतली की आघातानंतर आलेख खाली कोसळतो आणि हळूहळू वर चढतो. त्या खळग्याचे क्षेत्रफळ म्हणजे नुकसान. चित्र देखणे आहे, पण ते घटना उरकल्यावरच पुरे होते. एकाच देशावर किंवा पुरवठादारावर भार किती एकवटला आहे हे दाखवणारा हर्फिंडाल निर्देशांकही वापरात आहे.

पुरवठा दीर्घकाळ खंडित राहिला तर मात्र ही सारी मापे डगमगतात, कारण सावरण्याचा काळच कुणाला सांगता येत नाही. मार्च २०११च्या भूकंपात रेनेसास या जपानी कंपनीचा नाका या गावातील चिप-कारखाना बंद पडला, तेव्हा टोयोटाने धडा घेतला. पुरवठादारांना दोन ते सहा महिन्यांच्या चिपा साठवायला लावल्या. २०२१च्या सुरुवातीला चिपांच्या टंचाईमुळे इतर कंपन्यांच्या लाइन थांबत असताना टोयोटा चालू राहिली, ती या बेगमीवर. पण टंचाई लांबतच गेली आणि ऑगस्टमध्ये टोयोटालाही सप्टेंबरचे जागतिक उत्पादन ४० टक्क्यांनी घटवण्याची घोषणा करावी लागली.

दिमित्री इव्हानोव्ह आणि अलेक्झांडर डोल्गुई या संशोधकांनी २०२०मध्ये ‘व्हायबिलिटी’ म्हणजे टिकाव ही कल्पना मांडली, ती या अडचणीतून. पूर्वीची घडी परत बसेल हे गृहीतच न धरता, साखळी आपली रचना बदलून जगू शकते का, असा तिचा प्रश्न आहे. व्यवहारात मग मोजायचा तो बदलीचा काळ : दुसरा माल शोधणे, चाचण्या, मंजुऱ्या, नवे यंत्र आणि ते चालवणारी माणसे तयार होणे. साठ्याची गणती दिवसांत होते, बदलीची बहुधा वर्षांत.

भारतीय औषध उद्योगात हे नीट दिसते. बल्क ड्रगच्या, म्हणजे औषधातल्या मूळ गुणकारी घटकांच्या, आयातीपैकी सुमारे दोन तृतीयांश चीनमधून येते. अनेक प्रतिजैविकांचा कच्चा माल असलेल्या पेनिसिलीन-जीचे देशातले उत्पादन स्वस्त आयातीपुढे बऱ्याच वर्षांपूर्वी बंद पडले होते. मार्च २०२०मध्ये केंद्र सरकारने बल्क ड्रगसाठी ६,९४० कोटी रुपयांची प्रोत्साहन योजना मंजूर केली. तिच्याखाली आंध्र प्रदेशातील काकीनाडा येथे पेनिसिलीन-जीचा कारखाना सुरू व्हायला २०२४ उजाडले.