एन्ट्रॉपी या शब्दात पसारा नाही

एन्ट्रॉपी म्हणजे अव्यवस्था, हे समीकरण इतकं रुळलंय की टेबलावर पसारा दिसला तरी लोक ‘एन्ट्रॉपी वाढली’ म्हणतात. हा शब्द घडवणाऱ्या जर्मन शास्त्रज्ञ रुडॉल्फ क्लॉसियस यांच्या डोक्यात मात्र पसारा नव्हता. उष्णता होती.

उष्णता गरम वस्तूकडून थंड वस्तूकडे आपोआप जाते, उलट कधीच नाही. पण ऊर्जेच्या हिशेबात ही दिशा दिसत नाही, कारण इकडून गेलेली तेवढीच तिकडे जमा होते. क्लॉसियस यांनी काय केलं, तर उष्णतेला तापमानाने भागलं. शून्य अंशावरचा, म्हणजे २७३ केल्विनचा एक ग्रॅम बर्फ ३०० केल्विनच्या खोलीत ठेवा. वितळायला त्याला ३३४ ज्यूल उष्णता लागते. खोलीच्या खात्यातून गेले ३३४ भागिले ३००, म्हणजे १.११. बर्फाच्या खात्यात आले ३३४ भागिले २७३, म्हणजे १.२२. ज्यूल तेवढेच, तरी बेरजेत ०.११ जास्त! उष्णता उलटी वाहिली असती तर तेवढीच घट आली असती, आणि निसर्ग ती घट कधी होऊ देत नाही. किती साधा भागाकार, आणि त्यात अख्खी दिशा सापडली.

या राशीला त्यांनी १८६५ मध्ये नाव दिलं. ग्रीक ‘त्रोपे’ म्हणजे वळण, पालट. त्याला ‘एनर्जी’सारखाच ‘एन’ जोडला, तोही मुद्दाम, कारण दोन्ही राशी त्यांना जवळच्या वाटत होत्या. नाव प्राचीन भाषेतून घेतलं की सगळ्या चालू भाषांत ते तसंच वापरता येतं, असं त्यांचं मत होतं. ते खरंही ठरलं. मराठीतही आपण एन्ट्रॉपीच म्हणतो.

  

अव्यवस्थेचा अर्थ नंतर चिकटला. १८७७ मध्ये ऑस्ट्रियन भौतिकशास्त्रज्ञ लुडविग बोल्ट्झमन यांनी एन्ट्रॉपीचा संबंध रेणूंच्या शक्य रचनांच्या संख्येशी, नेमकं सांगायचं तर त्या संख्येच्या लॉगॅरिथमशी जोडला. बर्फात रेणू जागेवर बांधलेले असतात, पाण्यात मोकळे होतात. रचना प्रचंड वाढतात, आणि ते १.२२ म्हणजे त्याच वाढीचं माप.

म्हणून कुणी ‘मनातली एन्ट्रॉपी कमी करा’ असं सांगू लागलं, तर त्याला एकक विचारावं. ते ज्यूल प्रति केल्विन आहे. अशा सल्ल्यात ना उष्णता असते, ना तापमान, ना रेणूंच्या रचना; तिथे हा शब्द म्हणजे विज्ञानाची नुसती झूल.