राऊटरचे झाकण उघडले तेव्हा : वायरलेस जाळ्यांच्या व्यवस्थापनाची पार्श्वभूमी

जळगावातील मुक्त स्रोत वापरकर्त्यांच्या गटाने येत्या बैठकीसाठी वायरलेस जाळ्यांचे व्यवस्थापन हा विषय घेतला आहे. अशा बैठकीत चर्चा लवकरच आज्ञांच्या आणि सेटिंगच्या तपशिलात शिरते. वायफायचा डबा आपल्याला हवा तसा चालवण्याची मुभा मुळात कशी मिळाली, आणि ‘व्यवस्थापन’ हा शब्द त्याला कधी चिकटला, हे मात्र मागेच राहते.

1985 मध्ये अमेरिकेच्या दूरसंचार नियामकाने काही लहरपट्टे विनापरवाना वापरासाठी खुले केले, त्यात पुढे वायफायने वापरलेला 2.4 गिगाहर्ट्झचा पट्टा होता. 1997 मध्ये वायफायचे 802.11 हे मानक आले, तेव्हा त्याचा वेग सेकंदाला जेमतेम 2 मेगाबिट होता. त्यातील वेप ही सुरक्षा पद्धत कच्ची असल्याचे 2001 मध्येच सिद्ध झाले, तरी ती पुढे कित्येक वर्षे घराघरांत सुरू राहिली.

खरे वळण एका निळ्या-काळ्या डब्याने आणले. डिसेंबर 2002 मध्ये लिंक्सिस कंपनीने डब्ल्यूआरटी54जी हा राऊटर बाजारात आणला आणि पुढच्याच वर्षी सिस्कोने ती कंपनी विकत घेतली. 2003 च्या मध्यावर काही जाणकारांना दिसले की राऊटरच्या फर्मवेअरमध्ये, म्हणजे डब्यातच बसवलेल्या प्रोग्राममध्ये, लिनक्स ही मुक्त प्रणाली आहे, पण त्याचा सोर्स कोड, म्हणजे प्रोग्रामचा मूळ मजकूर, मात्र कोठेच दिलेला नाही. लिनक्सचे जीपीएल लायसन्स असे सांगते की जो हा प्रोग्राम दुसऱ्याला देतो त्याने मागेल त्याला त्याचा कोडही दिला पाहिजे. त्यामुळे बोभाटा झाला आणि कंपनीला कोड खुला करावा लागला. हा कंपनीचा उदारपणा नव्हता, लायसन्समधील एका अटीचा तो परिणाम होता, हे येथे मुद्दाम सांगितले पाहिजे, कारण आज आपण ओपनडब्ल्यूआरटी ही राऊटरसाठीची लिनक्सवर आधारलेली मुक्त प्रणाली टाकून राऊटरवर जी हुकमत मिळवतो तिचे मूळ त्या अटीत आहे. हा प्रकल्प त्याच कोडच्या आधारे 2004 मध्ये उभा राहिला. सिस्कोच्या इतर लिंक्सिस उत्पादनांबाबतचा वाद मात्र मिटला नव्हता; मुक्त सॉफ्टवेअरचा पुरस्कार करणाऱ्या फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनने डिसेंबर 2008 मध्ये दावा लावला आणि मे 2009 मध्ये तडजोड झाली.

खुल्या कोडमध्ये एक मोठी फट होती. रेडिओचा ड्रायव्हर, म्हणजे वायफायची चिप चालवणारा प्रोग्राम, बंदच होता; त्याचा कोड मिळत नव्हता. 2007 मध्ये मॅक80211 हा सामाईक वायरलेस थर लिनक्सच्या गाभ्यात आला आणि ब्रॉडकॉमच्या चिपसाठी उलट अभ्यास करून लिहिलेला बी43 ड्रायव्हर 2008 च्या आरंभी आला, तेव्हा ती फट बुजू लागली. साध्या लिनक्स यंत्राचा अ‍ॅक्सेस पॉइंट (इतरांना वायफाय देणारे केंद्र) करणारा होस्टएपीडी हा प्रोग्राम याच घडामोडीचा सोबती. मधल्या काळात लिंक्सिसने 2005 च्या आवृत्तीत मेमरी निम्मी करून लिनक्सच काढून टाकले. पण हौशी ग्राहक इतके झाले होते की लिनक्सवाली डब्ल्यूआरटी54जीएल वेगळी काढावी लागली. (फूट पडण्याची आपली परंपराही या मंडळींनी पाळली : 2016 मध्ये ओपनडब्ल्यूआरटीमधून लीड हा गट वेगळा झाला आणि 2018 मध्ये परत मिळाला.)

भारतात 2.4 गिगाहर्ट्झचा पट्टा घराबाहेरही विनापरवाना वापरण्याची मोकळीक जानेवारी 2005 मध्ये मिळाली; 5 गिगाहर्ट्झच्या पट्ट्यातील मोठा भाग बाहेरच्या वापरासाठी खुला व्हायला 2018 उजाडले. मधे 26 जुलै 2008 रोजी अहमदाबादेत बॉम्बस्फोट झाले आणि त्याआधी आलेला ईमेल नवी मुंबईतील एका घराच्या उघड्या वायफायवरून गेल्याचे तपासात आढळले. फेब्रुवारी 2009 मध्ये दूरसंचार विभागाने आदेश काढला की सार्वजनिक वायफाय वापरणाऱ्याची ओळख पटवावी आणि नोंदी वर्षभर ठेवाव्यात. पासवर्ड फळ्यावर लिहून ठेवणाऱ्या कॉलेजला आणि लॉजमालकाला तेव्हापासून लॉगिन पान, वापरणाऱ्याची ओळख तपासणारा फ्रीरेडियससारखा सर्व्हर आणि नोंदी साठवण्याची सोय यांची गरज भासू लागली. वेगापेक्षा जबाबदारीमुळे व्यवस्थापन हा विषय आपल्याकडे रुजला, असे माझे मत आहे.

खानदेशात त्यात जमिनीच्या अडचणी मिसळतात. 2.4 गिगाहर्ट्झच्या लहरी पाण्यात शोषल्या जातात आणि केळीचे रुंद पान पाण्याने भरलेले असते, म्हणून रावेर-यावलच्या बागांतून जाणारा दुवा जोराच्या सिग्नलपेक्षा उंच अँटेनावर जास्त टिकतो. घरगुती राऊटर बहुधा 40 अंशांपर्यंतच्या तापमानासाठी बनवलेले असतात, तर मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा 45 च्या आसपास जातो. पत्र्याच्या शेडमध्ये टांगलेला डबा दुपारी बंद पडला तर प्रत्येक वेळी शिडी लावून कोण चढणार? म्हणूनच अनेक यंत्रांची सेटिंग आणि हालहवाल एका ठिकाणाहून पाहणाऱ्या ओपनविस्पसारख्या साधनांना येथे अर्थ आहे. हे साधन मुळात रोम प्रांताच्या सार्वजनिक वायफायसाठी तयार झाले. महाराष्ट्रात आयआयटी मुंबईच्या ग्राममार्ग प्रकल्पाने पालघरच्या गावांत असेच वायरलेस दुवे उभारले आहेत.

9 डिसेंबर 2020 रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने सार्वजनिक वायफायच्या पीएम-वाणी योजनेला मंजुरी दिली, तिच्यात 2009 च्या आदेशाचे ओझे वाटून दिले गेले : वायफाय देणाऱ्या दुकानदाराला परवाना किंवा नोंदणी लागत नाही, आणि अनेक दुकानदारांच्या वतीने ओळख पटवण्याचे व हिशेब ठेवण्याचे काम वरच्या समूहकाकडे जाते, ज्याला दूरसंचार विभागाकडे नोंदणी करावी लागते. पारोळ्याच्या किंवा शहाद्याच्या चौकातील चहाच्या टपरीवर वायफाय द्यायचे असेल, तर टपरीवाल्याकडे उरते ते राऊटर चालू ठेवण्याचे काम.