प्लस हार्डटेल आणि काळी माती: २.८ कुठे, २.६ कुठे

प्लस हार्डटेल, म्हणजे जाड टायरची डोंगरी सायकल, घेताना तीन इंची टायर बसतो का, हे सगळेच विचारतात. खान्देशात त्याच्या जोडीला आणखी एक गोष्ट विचारायलाच हवी: टायर बसल्यावर चेनस्टेपाशी, म्हणजे मागच्या चाकाच्या दोन्ही बाजूंच्या खालच्या नळ्यांपाशी, मोकळी जागा किती उरते? इथली माती त्या जागेचा हिशोब पावसाळ्यात चुकता करून घेते.

हार्डटेलला मागे सस्पेन्शन नसतं. मागच्या चाकाला बसणारा दणका झेलायला टायरमधली हवाच काय ती असते. टायर जमिनीला किती क्षेत्रावर टेकतो, हे मुख्यतः भार आणि हवेचा दाब ठरवतात. मागच्या चाकावर ४० किलो भार आणि १६ पीएसआय (दर चौरस इंचाला पौंड) हवा असेल, तर टेकलेला भाग साधारण ३५ चौरस सेंटीमीटर भरतो, मग टायर २.२ इंची असो की २.८. फरक एवढाच की २.२ च्या टायरमध्ये १६ पीएसआय ठेवून सातपुड्यातल्या गोट्यांवर उतरलात तर रिम दगडावर आपटेल. २.८ च्या टायरमध्ये रिम आणि जमीन यांच्यातलं अंतर जास्त असतं, म्हणून तो दाब चालतो. रुंद टायरचा खरा फायदा हा, कमी हवेवर सुरक्षित चालण्याचा.

याचा दुसरा भाग बरेच जण विसरतात. टायरच्या कापडावरचा, म्हणजे रबराखालच्या धाग्यांच्या थरावरचा, ताण दाब गुणिले टायरच्या गोल छेदाची त्रिज्या, या प्रमाणात वाढतो. त्यामुळे तेवढीच हवा भरली तर रुंद टायर अधिक कडक लागतो. २.२ च्या टायरला २४ पीएसआय भरत असाल, तर २.८ ला तोच कडकपणा सुमारे १९ पीएसआयला येतो. जुन्या सवयीने २४ भरलं की सायकल दगडावरून चेंडूसारखी उसळते, कारण हवेच्या स्प्रिंगला डॅम्पिंग, म्हणजे उसळी जिरवणारा अडसर, जवळजवळ नसतं.

टायरवर छापलेला आकडा मात्र पूर्ण खरा मानू नये. रिमची आतली रुंदी १ मिमी वाढली की टायर साधारण ०.४ मिमी फुगतो. म्हणजे ३० मिमीच्या रिमवरचा टायर ४० मिमीच्या रिमवर ४ मिमीने रुंद होऊ शकतो. २.६ साठी ३० ते ३५ मिमी, २.८ साठी ३५ ते ४० आणि ३.० साठी ४० च्या आसपास, ही जोडी जमते. रिम अरुंद असली तर कमी हवेवर टायर वळणात आडवा लोळतो. फार रुंद असली तर टायर चौकोनी होतो, कडेचे नॉब (टायरवरचे रबरी उंचवटे) वर येतात आणि साइडवॉल (टायरची बाजू) दगडासमोर उघडी पडते. बेसाल्टच्या धारदार कपच्यांवर ही साइडवॉल चिरली जाणं इथे नेहमीचं.

मोजणी अशी करा. टायर बसवून रिमच्या मर्यादेत थोडी जास्त हवा भरा आणि एक दिवस ठेवा. नवा टायर १ ते २ मिमी ताणतो. मग व्हर्नियरने कापडाची आणि नॉबची, दोन्ही रुंदी घ्या. त्यानंतर ६ मिमीची ॲलन की टायर आणि चेनस्टेच्या मधून सरकवत चाक सावकाश फिरवा. चावी कुठे अडली तर टायर मोठा आहे किंवा चाक आऊट, म्हणजे वाकडं, आहे. सीटस्टेचा (मागच्या वरच्या नळ्यांमधला) पूल आणि फोर्कची कमान इथेही हेच करा. उभं राहून पेडल मारताना चाक आणि फ्रेम दोन्ही वाकतात, त्यामुळे ६ मिमी ही चैन नाही, ती किमान गरज आहे.

ही गरज कोरड्या दिवसांची. तापी-गिरणेच्या पट्ट्यातल्या काळ्या मातीत पाणी धरून फुगणारी चिकणमाती भरपूर असते. वापसा येण्याआधी पांद रस्त्यावर चाक घातलं की माती नॉबमध्ये बसते, तिच्यावर दुसरा थर चढतो, त्यात पऱ्हाटीच्या काड्या आणि खडे अडकतात आणि पन्नास-शंभर मीटरांत चेनस्टेजवळ चाक जाम होतं. तसंच ओढत नेलं तर खडे ॲल्युमिनियमची चेनस्टे घासून काढतात, रंग तर पहिल्या दिवशीच जातो. गंमत अशी की पार पातळ चिखल एवढा त्रास देत नाही. खरी चिकटते ती अर्धवट ओली माती. फ्रेममध्ये ८४ मिमी जागा असेल तर ७१ मिमीच्या, म्हणजे २.८ इंची टायरच्या दोन्ही बाजूंना साडेसहा मिमी उरतात, ६६ मिमीच्या २.६ ला नऊ. हा अडीच मिमीचा फरक कागदावर किरकोळ, पण नॉब विरळ असतील तर बांधापर्यंत चालत सुटण्याइतका उपयोगी. पूर्ण चिकट मातीत मात्र कुठलीच रुंदी चालत नाही, सायकल खांद्यावर घ्यावी.

उन्हाळ्यात हीच जमीन उलट वागते. भेगा इतक्या रुंदावतात की बारीक टायर त्यात उतरतो आणि हँडल हिसकलं जातं. रुंद टायर बहुतेक भेगांवरून पार होतो. गिरणेच्या कोरड्या पात्रातल्या वाळूतही पुढचा रुंद टायर १२-१३ पीएसआयवर तरंगतो, अरुंद रुततो.

म्हणून आमचं मत स्पष्ट आहे: पुढे २.८, मागे २.६. पुढे पकड आणि वाळूतला तरंग, मागे मातीला जागा. पुढचं चाक साधारण ५ मिमी उंच झाल्याने हेड अँगल (हँडलखालच्या नळीचा कोन) पाव अंशाने कलतो, तो जाणवत नाही. दोन्हीकडचे ३.० काढून दोन्हीकडे २.६ घातले तर मात्र बॉटम ब्रॅकेट (पेडल फिरतात तो आस) जवळपास १ सेंमी खाली येतो आणि पेडल दगडांवर आपटू लागतं. साधारण ७० किलोच्या स्वारासाठी पुढे १४ आणि मागे १९ पीएसआयपासून सुरुवात करा. रिम आपटली तर १ पीएसआय वाढवा, उसळली तर १ कमी करा. १६० पीएसआयपर्यंतचा काटा असलेला पंप इथे निरुपयोगी, कमी पल्ल्याचा डिजिटल गेज घ्या.

काट्यांसाठी ट्यूबलेसला, म्हणजे ट्यूब नसलेल्या टायरला, पर्याय नाही. बाभळीचा लांब काटा आणि सराटा दोन्ही ट्यूबचा जीव घेतात. २.८ ला १०० ते १२० मिली सीलंट (भोक बुजवणारं द्रव) टाका, काटा उपटल्यावर भोक खाली येईल असं चाक फिरवून थांबा. मोठ्या चिरेला प्लग (चिरेत खुपसायचा बोळा) लागतो. जळगाव-भुसावळच्या उन्हात सीलंट लवकर सुकतं, एप्रिल-मेमध्ये दर महिन्याला व्हॉल्व्ह उघडून काडी बुडवून बघा.

हवा कधी मोजता तेही महत्त्वाचं. पहाटे २५ अंशांना भरलेले १६ पीएसआय दुपारी ४५ अंशांना १८ होतात. शहाद्याकडून तोरणमाळ चढताना बाहेरचा दाब उतरतो, सुमारे १,१५० मीटर उंचीवर गेज दीड पीएसआय जास्त दाखवू शकतो. गारव्याने त्यातला थोडा भाग परत जातो. उतरणीला लागण्याआधी वरच मोजून घ्या आणि जादा हवा सोडून द्या.